मुलग्यांसाठी रकाना नाही

इयत्ता, खेळ आणि आणखी काही तपशील मी बदलले आहेत. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ नुसार मुलाचं नावच काय, शाळा किंवा शेजार यांवरून ओळख पटेल असंही काही छापायचं नसतं. आमचं गाव तालुक्याचं असलं तरी इतकं लहान आहे की अर्ध्या वाक्यावरून लोक घर गाठतील. तेव्हा खेळ कबड्डी होता असं समजा.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समितीचं काम माझ्याकडे आहे. २०२२ मध्ये त्या समितीचा शासन निर्णय आला, तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मी नेमकी वर बघत होते, म्हणून माझ्याकडे. समितीचं काम म्हणजे बाहेरच्यांना वाटतं तसं समुपदेशन वगैरे फार नसतं. बैठकीचं इतिवृत्त, सह्या, फोटो, अहवाल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना झाली आणि सगळ्याच शाळांची धावपळ उडाली. सीसीटीव्ही, पोलीस पडताळणी, तक्रारपेटी. आमच्या पेटीला लाल रंग आणि नवं कुलूप मिळालं. कॅमेरे बसले ते फाटकावर, व्हरांड्यात आणि मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर. मैदानामागच्या साहित्याच्या खोलीकडे एकाचंही तोंड नाही.

पेटी उघडताना मुख्याध्यापक, मी, एक पालक प्रतिनिधी आणि शिपाई, इतकी माणसं भोवती उभी असतात. एकट्याने उघडली तर उद्या कुणी म्हणेल चिठ्ठी गायब केली, म्हणून ही व्यवस्था. पण तिचा अर्थ असा की मुलाने जीव मुठीत धरून लिहिलेलं चार जण वाचणार. एरवी आत निघतं ते 'पंखा फिरत नाही', 'गणिताचे सर फार मारतात', चॉकलेटचे कागद आणि कुणाकुणाची नावं असलेले बदाम. मी चिठ्ठ्या आधी स्वतः उघडते आणि मग वाचून दाखवते. ही पद्धत मीच पाडली आणि सरांना ती कधीच आवडली नाही.

त्या दिवशी एका चिठ्ठीत एवढंच होतं: 'सरावानंतर कोच सरांना एकेकाला थांबवू देऊ नका.' खाली नाव नाही. मी ती घडी करून वहीत ठेवली आणि पुढची पंख्याची तक्रार मोठ्याने वाचली.

निनावी होती, पण मला अक्षर कळलं. वर्षानुवर्षं निबंध तपासणाऱ्या बाईपासून अक्षर लपत नाही. हा मुलगा 'ळ' काढताना दुसरी गाठ पहिल्यापेक्षा मोठी काढतो आणि शिरोरेघ शब्दाच्या शेवटी सोडून देतो. शुद्धलेखनाच्या वहीत मी त्यावर लाल रेघ मारून मारून दमले होते.

इथे एक गोष्ट बहुतेक शिक्षकांना ठाऊक नसते. कळवायला पुरावा लागत नाही. कलम १९ म्हणतं, गुन्हा झाल्याची माहिती असेल किंवा होण्याची भीती वाटत असेल, तरी स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. चौकशी हे आपलं काम नाही. उलट आपण खोदून विचारलं की मुलाच्या तोंडी आपले शब्द बसतात आणि पुढे कोर्टात तेच उलटतात. म्हणून मी त्याला ग्रंथालयात पुस्तकांची यादी करायला बोलावलं, दार उघडं ठेवलं आणि एकच विचारलं, "तुला मला काही सांगायचंय का?"

"कुणाला सांगू नका बाई," तो म्हणाला. मग काही बोलेचना.

असं वचन द्यायचं नाही हे प्रशिक्षणात शिकवतात. तिथे ऐकायला सोपं वाटतं, समोर मूल बसलेलं असताना जीभ जड होते. मी म्हटलं, "काही जणांना सांगावं लागेल. कुणाला आणि कधी, ते आधी तुला सांगेन." तो यादीत तीन-चार पुस्तकांची नावं लिहीत राहिला. मग बोलला. त्याचे शब्द जसेच्या तसे मी वेगळ्या कागदावर उतरवले, तारीख-वेळ घालून, एकही शब्द 'सुधारून' न घेता. मराठीच्या बाईला याहून अवघड काम नाही. ते शब्द इथे देणार नाही. उठताना त्याने विचारलं, "बाई, हे मुलींचंच असतं ना?"

त्याला तसं का वाटू नये? 'गुड टच, बॅड टच'चं सत्र असलं की मुली सभागृहात आणि मुलगे मैदानावर, ही आमच्या शाळेची जुनी रीत. मैदानावर त्यांच्याकडे लक्ष कोण देणार, तर कोच. भिंतीवरच्या सगळ्या पोस्टरांवर दोन वेण्यांची मुलगी. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांत अभ्यास केला होता. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून किंचित जास्त मुलगे होते. हा आकडा मी स्टाफरूममध्ये सांगितला की लोक चहाचा कप उचलतात.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाहीत. घाबरट आहेत. "बाई, आधी संस्थेच्या कानावर घालू. आपण आतल्या आत चौकशी करू. शिवाय तो कुठे आपला कर्मचारी आहे? मानधनावर येतो." मी म्हटलं, २०२० च्या नियमांत कंत्राटी माणसाचीही पडताळणी करायला सांगितली आहे, ती आपण केली नाही. कर्मचारी धरला तर न कळवल्याबद्दल संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. नाही धरला तरी माहीत असून गप्प बसणाऱ्या कुणालाही सहा महिने आहेतच. ते ढिम्म. मग राजुऱ्याचं सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, कळूनही पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा एका डॉक्टरवर दाखल झाला होता. नागपूर खंडपीठाने तो रद्द केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणंच चूक ठरवलं. डॉक्टर सुटत नाही तर आपण कोण? त्यावर सर उठले आणि चपला घालू लागले. कलमांचा जो उपयोग मुलाच्या नावाने होत नाही तो स्वतःच्या नोकरीच्या नावाने होतो.

ठाण्यात अंमलदाराचा पहिला प्रश्न: "मॅडम, मुलगी कुठाय?" मुलगा आहे म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. पण उपनिरीक्षक बाई मात्र हुशार निघाल्या. साध्या सलवार-कुर्त्यात, स्वतःच्या स्कूटीवरून त्या मुलाच्या घरी गेल्या. कायद्यात गणवेश नको आणि मुलाच्या सोयीच्या जागी जबाब घ्या असं लिहिलेलं आहे, पण दाराशी जीप उभी राहिली की गल्लीला काय कळतं ते लिहिलेलं नाही, आणि त्यांना ते कळत होतं. तो त्यांच्याशी आधी बोलेना. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा असा नियम. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मुलगीच असावी. तेरा वर्षांच्या मुलग्याला हे बाईमाणसासमोर बोलायची किती लाज वाटते! वैद्यकीय तपासणीतही तसंच. मुलगी असेल तर महिला डॉक्टर हवी, मुलग्याला कोण हवं यावर कायदा काही बोलत नाही. बाईंनी त्याला विचारलं, कुणाशी बोलशील? तो म्हणाला, मामाशी. मामा शेजारच्या गावाहून आला, शेजारी बसला, मग जबाब झाला.

वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा आहे, विसरेल. मुलगी असती तर गोष्ट वेगळी होती." ते धीर देत होते, मला की स्वतःला, कुणास ठाऊक.

गुन्हा दाखल झाला, बालकल्याण समितीने खटल्याच्या काळात मुलाला साथ देणारी सहाय्यक व्यक्ती नेमली, खटला विशेष न्यायालयात आहे. शक्यतो वर्षाच्या आत निकाल लागावा असं कलम ३५ म्हणतं. 'शक्यतो' या शब्दाच्या आधाराने तारखा पडत आहेत. मला अडतं ते दुसरीकडेच. कोच गेल्यावर सराव बंद पडला, तालुक्याच्या स्पर्धेला संघ गेला नाही आणि सगळी पोरं चिडली. "कुणी तक्रार केली त्याला बघतो" असं वर्गात चालायचं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज याचाच. मी तास घेताना ते ऐकते आणि काही म्हणत नाही. म्हणायला गेले तर त्याला उघडं पाडेन. गप्प राहिले तर त्याला रोज हे नाटक करावं लागणार. सहाय्यक ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तोच त्याचा बचाव आहे, राहू द्या. पटतं, आणि तरी पटत नाही.

सत्र आता मुलग्यांसाठीही होतं. पहिल्या वेळी मागच्या बाकांवर खिदळणं चाललं होतं. चिठ्ठ्या लिहून द्या म्हटल्यावर थांबलं. मग आल्या त्या चिठ्ठ्यांतल्या काही मला पुन्हा ठाण्यात घेऊन गेल्या.

समितीचा अहवाल भरताना नमुन्यात रकाना होता, 'पीडित विद्यार्थिनींची संख्या'. मी पेनाने शेजारी आणखी एक रकाना आखला, 'विद्यार्थी'. वरच्या कार्यालयाने तो परत पाठवला, 'नमुन्यात बदल करू नये' असा शेरा मारून. मी कलम २ ची व्याख्या जोडली, बालक म्हणजे अठरा वर्षांखालील कोणतीही व्यक्ती, आणि त्याच आखलेल्या रकान्यासह अहवाल पुन्हा आवकमध्ये दिला. पोच घेतली आहे.