पोपाय मार्सेलिसला जातो तेव्हा

फ्रेंच कनेक्शन म्हटलं की सगळे १९७१ च्या पहिल्या सिनेमाबद्दल, त्यातल्या त्या कारच्या पाठलागाबद्दल बोलतात आणि ते बरोबरच आहे, ऑस्कर बिस्कर त्यालाच मिळालं, पण मला विचाराल तर १९७५ चा दुसरा भाग जास्त आवडतो (हे बोललं की मित्र वेड्यात काढतात, काढू देत). दिग्दर्शक वेगळा, जॉन फ्रँकेनहायमर. पोपाय डॉइल मात्र तोच, जीन हॅकमन.

पहिल्या भागात हातातून निसटलेला ड्रग्जवाला शार्निए शोधायला हा न्यूयॉर्कचा उर्मट पोलीस थेट मार्सेलिसला येऊन धडकतो. आपल्याला मार्सेलिस म्हटलं की १९१० ची सावरकरांची उडी आठवते, तेच बंदर. इथे पोपायला कोणी विचारत नाही. पोचतो तेव्हा तिथले पोलीस मासे फाडत बसलेत, कोणीतरी एक एप्रिलला माशांत ड्रग्ज असल्याची खोटी टीप देऊन त्यांना मामा बनवलंय! अंगात भडक हवाई शर्ट, डोक्यावर तीच जुनी हॅट, फ्रेंचचा एक शब्द येत नाही, धाकदपटशा करावा तर समोरच्याला कळायला तर पाहिजे ना. बारमध्ये साधी व्हिस्की मागताना त्याची जी दमछाक होते ती बघून आधी हसू येतं, मग थोडं वाईट वाटतं. न्यूयॉर्कमध्ये हा माणूस नुसता दारात उभा राहिला तरी अख्खा बार गार पडायचा. वर फ्रेंच पोलिसांनी त्याला आमिष म्हणून फिरवलंय आणि ह्याला त्याचा पत्ताच नाही.

मग शार्निएची माणसं त्याला उचलतात, एका कळकट हॉटेलात डांबतात आणि रोज हेरॉइन टोचत राहतात. एक म्हातारी येते, प्रेमाने जवळ बसते आणि हळूच त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेते. गुंगीतल्या पोपायला काहीच करता येत नाही. ज्याने आयुष्यभर गर्दुल्ल्यांना भिंतीला लावून तुडवलं तोच आता सुईची वाट बघत बसतो, आणि हे सगळं हॅकमन एकही डायलॉग न मारता नुसत्या डोळ्यांनी दाखवतो.

सुटल्यावर पोलीस स्टेशनच्या कोठडीत त्याची नशा उतरवतात तो भाग तर कहर आहे. फ्रेंच इन्स्पेक्टर बार्थेलेमी समोर बसलाय आणि पोपाय रडत, ओरडत, मध्येच हसत बेसबॉल सांगतोय, मिकी मँटल हा स्टार खेळाडू, न्यूयॉर्कची यांकीज टीम, आपण खेळाडू व्हायला गेलो होतो ते. समोरच्याला मिकी मँटल कोण ते माहीत नाही आणि ह्याच्याकडे बोलायला दुसरं काही नाही. ॲक्शन पिक्चरमध्ये एवढा वेळ एका खोलीत काढायला हिंमत लागते राव.

त्यानंतर पिक्चर जरा नेहमीच्या मार्गावर येतो. हॉटेल पेटवणं वगैरे ठीक, पण कोरड्या गोदीत पाणी सोडतात तो सीन मला ताणलेला वाटला. शेवटी मात्र बंदराच्या कडेने पोपाय धावतो तो पाठलाग मस्त, ना गाडी ना काही, दमलेला मध्यमवयीन माणूस धापा टाकत बोटीच्या मागे पळतोय. पहिला भाग बघितला नसेल तर आधी तो बघा, नाहीतर शार्निएवर ह्याचा एवढा राग का ते कळणार नाही. आणि बघायला बसाल तेव्हा कोठडीचा सीन पुढे ढकलू नका प्लीज.