महिना सातवा: मूर राहिलं, महिना लागला

नोव्हेंबरपासून दर महिन्याला निदान एक दिवस स्कीवर, असे सलग बारा महिने काढायचं ठरवलंय. मे हा सातवा. सिअ‍ॅटलमध्ये राहून बर्फ मिळतो हो, शनिवार मिळत नाही.

फेब्रुवारी हातचा गेलाच होता. नाशिकला मामेभावाचं लग्न आणि माझ्या स्की इकडे गॅरेजमध्ये. बायकोच म्हणाली, एवढे जातोच आहोत तर चार दिवस काश्मीर करू. मुलगी गुलमर्गला स्लेजवर खूश, मी भाड्याच्या स्की घेऊन गोंडोलाने (रोपवेने) अफरवाट डोंगरावर. दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर सोडतो. लग्नाच्या पंगती उठवून आलेल्या माणसाला तिथे बूट आवळतानाच धाप लागते. गोंडोलाखालचा बाउल, म्हणजे वाटीसारखा पसरट उतार, सोडला नाही. हिमस्खलनाची काळजी तिथेच घेतली जाते, बाहेर आपलं आपण. आणि सोबतीला बीकनवालं (बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र बाळगणारं) कुणी नव्हतं. स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या) लावून चढलो नाही हे मान्य, पण माझ्या वहीत महिना धरलाय.

आता मे. माउंट रेनियरवर पॅराडाइज (५,४०० फूट) ते कॅम्प मूर हा गिर्यारोहकांचा तळ (१०,१८८ फूट). साडेपाचला मुलीचा भरतनाट्यमचा कार्यक्रम, म्हणून एका मित्राबरोबर पहाटे तीनला निघालो आणि साडेअकराला असू तिथून माघारी फिरायचं ठरवलं. हिवाळ्यातलं हिमस्खलनाचं रोजचं भाकीत या दिवसांत बंद झालेलं असतं. ऊन लागून वरचा थर ओला झाला की सुटतो, म्हणूनही लवकर.

पॅनोरमा पॉइंटच्या चढावर डाव्या स्किनचा गोंद गेला. चूक माझीच. मागच्या वेळी ओल्या स्किन पिशवीत घातल्या, तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला आणि त्या तशाच राहिल्या. दोन रबरी पट्टे आवळून पुढे गेलो.

मून रॉक्सपाशी, साधारण ९,००० फुटांवर, ढगाने गाठलं. वेळ सव्वाअकरा. राजगडावरचं जुलैतलं धुकं तुम्ही अनुभवलं असेल, पण तिथे पायाखाली वाट तरी असते. इथे खालीवर एकच पांढरं. उभे आहोत की घसरतोय, तेही कळेना. मूर स्नोफिल्डची खरी गोम उतरताना कळते. उतार आपोआप पॅराडाइजला आणून सोडत नाही. जरा भरकटलं की उजवीकडे निस्क्वाली, डावीकडे पॅराडाइज ग्लेशियर. होकायंत्राचे कोन घरूनच कागदावर लिहून नेले होते आणि फोनमध्ये चढतानाचा ट्रॅक होता. मित्र दिसेनासा होण्याआधी थांबायचा, मी त्याला गाठायचो, मग तो पुन्हा पुढे. हजार फूट उतरायला पाऊण तास लागला!

पेबल क्रीकच्या वर ढग फाटला आणि खाली मस्त कॉर्न, म्हणजे उन्हाने दाणेदार झालेला वसंतातला बर्फ, मिळाला: वर दोन इंच सुटलेला, खाली घट्ट. गाडीपर्यंत एकदाही थांबलो नाही. कार्यक्रमाला दुसऱ्या रांगेत होतो, नाकाला सनस्क्रीन तसंच.

२२ जूनला पुण्याचं विमान, म्हणजे मूरसाठी त्याआधीचे दोन शनिवार. त्यातला एक वाढदिवसाचा, माझा नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबरला खडबडीत जुन्या बर्फावर दात खिळखिळे होतील, ते तेव्हा बघू. सध्या स्किनचा नवा गोंद मागवलाय. जुना काढायला वर कागद ठेवून इस्त्री फिरवावी लागते. कोणती इस्त्री, ते घरी अजून सांगितलेलं नाही.