तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवर बेस्ट कशाला?

नेरूळच्या ज्या मैदानावर मी मुलांना फुटबॉल शिकवतो, तिथे बॉल, कोन आणि जाळ्या ठेवायला पत्र्याची एक खोली आहे. दाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर मासिकातून कापलेला एक फोटो चिकटवलाय. लाल जर्सी, कानांवर आलेले केस, घोट्यापर्यंत घसरलेले मोजे. जूनमध्ये नवी बॅच येते, कुणीतरी पालक आत डोकावतात, नाव विचारतात. ‘जॉर्ज बेस्ट’ म्हणून सांगतो. (मुलांना आधी बस आठवते.) मग ते घरी जाऊन मोबाइलवर शोधतात आणि आठवड्याभरात मला बाजूला घेतात. "सर, राग मानू नका, पण हा दारू पिऊन गेला ना? मुलांसमोर कशाला?" यंदा एका ताईंनी पुढचंही विचारलं, "एवढं सगळं मिळालेलं, मग खेळ सुटल्यावर असं काय झालं की प्यायलाच लागला?"

त्यांना तेव्हा "सांगतो कधीतरी" म्हणून वेळ मारून नेली. मुलं वॉर्म-अप करत असताना उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं.

आधी एक गोष्ट. मी दारुडा आहे. ‘होतो’ नाही, ‘आहे’. दारू सोडलेल्यांच्या आमच्या मीटिंगमध्ये असंच म्हणायची पद्धत आहे आणि ती मला पटते. एप्रिल २०१० पासून थेंब घेतलेला नाही. बऱ्याच पालकांना हे ठाऊक आहे, बाकीच्यांना आता कळलं.

आता बेस्ट. बेलफास्टचा पोरगा, जन्म १९४६ चा. मँचेस्टर युनायटेडकडून पहिला सामना खेळला तेव्हा सतरा वर्षांचा होता. मार्च १९६६ मध्ये लिस्बनला जाऊन बेनफिकाला त्यांच्याच मैदानावर ५-१ असं झोडपलं, त्यात सुरुवातीच्या बारा मिनिटांत याचे दोन गोल. १९६८ मध्ये वेम्ब्लीवर पुन्हा बेनफिकाच समोर, युरोपियन कपची फायनल, जादा वेळेत गोलकीपरलाही चकवून याने गोल केला. त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ओर. आणि जानेवारी १९७४ मध्ये युनायटेडचा शेवटचा सामना. वय किती? सत्तावीस. ४७० सामने, १७९ गोल, आणि सत्ताविसाव्या वर्षी कारभार आटोपला. पुढे दहा-एक वर्षं अमेरिकेत, स्कॉटलंडमध्ये, इंग्लंडातल्या लहान क्लबांत इकडेतिकडे खेळत राहिला, पण तो बेस्ट पुन्हा दिसला नाही.

हे सत्तावीस नीट लक्षात घ्या. खेळ सुटला म्हणून तो पिऊ लागला नाही. पीत होता म्हणून खेळ सुटला. सरावाला दांड्या, ऐन वेळी गायब होणं, हे सगळं युनायटेडमध्ये असतानाच चालू होतं. त्याच्या आईचंही बघा. चाळिशी उलटेपर्यंत ती दारूला शिवली नव्हती, मग लागली ती लागलीच, आणि १९७८ मध्ये गेली. तिच्यामागे कुठली वर्ल्ड फेमस टीम सुटल्याचं दुःख नव्हतं.

हे मी आज असं ठासून सांगतोय, पण स्वतःच्या बाबतीत मी वर्षानुवर्षं उलटंच सांगत होतो. माझी गोष्ट अशी असायची : स्पोर्ट्स कोट्यातून १९८६ मध्ये कंपनीत लागलो, स्टॉपर म्हणून, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू म्हणून, अकरा वर्षं खेळलो, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, वर्षभरात कंपनीने टीमच बंद केली, मला स्टोअर्समध्ये टेबल दिलं, आणि मग काय, लागली दारू. ऐकणाऱ्याला वाईट वाटायचं. पुष्कळदा बिलही तोच द्यायचा.

कंपनीचं नाव सांगत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची होती, एवढं पुरे. आणि टीम बंद झाल्याबद्दल माझी आता तक्रारही नाही. २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडचा संघ २०१० मध्ये बंद होतो, तिथे आमची काय कथा.

माझ्या या गोष्टीला सुरुंग लावला तो आमच्या अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे मीटिंगमधले स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला आणि नव्याला सांभाळून घेणारा सोबती. पाटणकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी, राहायला कोपरखैरण्यात. सहावी शिकलेले. फुटबॉलशी संबंध शून्य. मी आपली गुडघ्याची कॅसेट लावली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "गुडघ्याचं ऱ्हाऊ दे. पयली कवा घेतली ते सांग."

पहिली घेतली १९८६ मध्ये. नोकरी लागल्याच्या तिसऱ्या महिन्यात.

तेव्हाचं सगळं नीट आठवायला लागलो, तर चित्रच बदललं. मॅच असायच्या मुंबईत, कूपरेजला. ज्या मैदानावर रोव्हर्स कपसारखी जुनी मोठी स्पर्धा व्हायची तिथे आपण बूट घालून उतरतोय, ही धुंदी वेगळीच होती, ती नाकारत नाही. वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये आली. तोवर कंपनीची बस खाडीपूल ओलांडून परत आणायची, आणि मागच्या सीटवर पाण्याची एक बाटली हातोहात फिरायची. तिच्यात पाणी कमीच. जिंकलो तर साहेबांकडून पार्टी. हरलो तर आपापल्या पैशाने. ड्रॉ झाली तर कमी प्यायची, असाही काही नियम नव्हता. सकाळी मैदानाला पाच चकरा मारल्या, अंगातून घाम निथळला, की डोकं साफ. तोंडात वेलची. मास्तरांना वास यायचा, पण रविवारी स्टॉपर लागायचा, म्हणून त्यांनाही सर्दी व्हायची.

पंचविशीतलं शरीर फार माफ करतं. लिव्हर तर सगळ्यात सोशिक. सुजतं, चरबी धरतं, पण पिणं थांबवलं तर बरंचसं भरून काढतं. पुढे त्यावर व्रण साठत गेले, डॉक्टर ‘सिऱ्हॉसिस’ म्हणू लागले, की मात्र परतीची वाट जवळपास बंद होते. आणि हे सगळं होत असताना बहुतेक वेळा दुखत काहीच नाही. गुडघा बोंबलतो, लिव्हर बोलत नाही. त्यामुळे मी अकरा वर्षं फिट होतो अशी सगळ्यांची समजूत होती, माझी धरून.

म्हणजे दारू खेळानंतर आली नाही. ती खेळाच्या आड लपून बसली होती. खेळ बाजूला झाला आणि ती दिसली, एवढंच.

एक मात्र कबूल करतो. खेळ गेल्यावर चार वाजता काय करायचं, हे मला कळत नव्हतं. टीममध्ये असताना दुपारी दोनला कंपनीतून सुटका, चारला मैदान. अकरा वर्षं. कधी उठायचं, काय खायचं, कुणाला मार्क करायचं, सगळं कुणीतरी सांगायचं. स्टोअर्समध्ये बसल्यावरही चारला पाय आपोआप हलायला लागायचे. लोक म्हणतात खेळाडूला टाळ्यांची सवय लागते. आमच्या मॅचला चाळीस माणसं असायची, त्यातली दहा भेळ खायला आलेली. टाळ्या नाही हो, चार वाजता कुणीतरी आपली वाट बघतंय, याची सवय लागते. ती जागा मी दारूला दिली. पण ती दाराशीच उभी होती, शोधायला लांब जावं लागलं नाही. माझ्याबरोबर ज्यांचा खेळ सुटला त्यातल्या एकाने घणसोलीत सायकलचं दुकान टाकलं, एक भजनी मंडळात पखवाज वाजवायला लागला. गुडघे त्यांचेही गेले होते.

आमच्या बायकोने हे अण्णांच्याही आधी ओळखलं होतं. एकदा पाहुण्यांसमोर मी गुडघ्याचं पुराण सुरू केलं, तर ती पोहे ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, पिता तुम्ही, आणि नाव गुडघ्याचं घेता." मी त्या दिवशी जेवलो नाही. प्यायलो मात्र.

आता तो दुसरा प्रश्न, जो पुरुष पालक जास्त विचारतात. बेस्टला जुलै २००२ मध्ये लंडनला नवं लिव्हर बसवलं. वर्षभरात तो पुन्हा पिताना दिसला. "म्हणजे हलकटच ना, सर?" राग खरा आहे. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं तेव्हा ते लिव्हर मिळालं होतं. ब्रिटनमध्ये लोक भडकले होते, आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही. पण लिव्हर बदलून तहान बदलत नाही. त्याने त्याआधी पोटात डायसल्फिरामच्या गोळ्याही बसवून घेतल्या होत्या. हे औषध अंगात असताना प्यायलं तर माणूस लालबुंद होतो, उलट्या, धडधड, जिवावर बेतू शकतं. ज्याला प्यायचीच आहे, तो त्यातूनही वाट काढतो.

मला कुणी लिव्हर दिलं नाही. मला बायकोच्या पाटल्या मिळाल्या. जानेवारी २००९ मध्ये पहिल्यांदा ॲडमिट केलं ते त्या मोडून. अकरा महिने बरा होतो. मग घणसोलीत एका मित्राच्या मुलाची हळद. डीजे, मटण, आणि कुणीतरी हातात ग्लास दिला. ‘दिला’ म्हणतोय खरा, हात मीच पुढे केला होता. पुढचे चार महिने मी त्या पाटल्याच प्यायलो. तेव्हा बेस्टला हलकट म्हणणाऱ्याकडे मी जरा जपूनच बघतो.

दुसऱ्या वेळी पुण्याला गेलो, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये, पु. लं.च्या मदतीने सुरू केलेलं. १९८६, म्हणजे मी पहिली घेतली तेच वर्ष. जरा लवकर गाठ पडायला हवी होती. एक गोष्ट घरच्यांसाठी सांगून ठेवतो : रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी, दार लावून, एका दिवसात तोडायला जाऊ नका. थरथर, भास, झटके येतात, माणूस दगावू शकतो. डॉक्टरच्या हाताखालीच.

बेस्ट गेला २५ नोव्हेंबर २००५ ला, एकोणसाठाव्या वर्षी. त्याच्या काही दिवस आधी त्याच्याच सांगण्यावरून एका इंग्रजी पेपरने त्याचा हॉस्पिटलातला फोटो छापला. पिवळा पडलेला चेहरा, अंगाला नळ्या, आणि निरोप : माझ्यासारखं मरू नका. आपल्याकडे ती बातमी आली तेव्हा मी तुर्भ्याला परमिट रूममध्ये होतो. शेजारच्याने पेपरातून वाचून दाखवली. मी काय केलं असेल? "आपला माणूस गेला" म्हणत त्याच्या नावाने आणखी एक नाइन्टी मागवली. निरोप मला कळला नाही असं नाही. पहिलीतल्या पोराला कळेल इतका सोपा होता. मेलेल्याचा फोटो दाखवून दारू सुटत असती, तर आमच्या आळीत एवढी श्राद्धं झाली नसती.

म्हणूनच तो पिवळा फोटो मी भिंतीवर लावलेला नाही.

बेस्टचा एक किस्सा तुम्ही ऐकला असेल, तो स्वतःच रंगवून सांगायचा. हॉटेलची खोली, पलंगावर जुगारात जिंकलेल्या नोटा, सोबत मिस वर्ल्ड, आणि शॅम्पेन घेऊन आलेला वेटर विचारतो, "मिस्टर बेस्ट, कुठे बिघडलं हो सगळं?" आमच्या टेबलावर हा किस्सा मी शंभरदा सांगितला असेल, आणि शंभरदा सगळे हसले. हल्ली मला त्यातलं वेगळंच दिसतं. वेटरने विचारलं खरं, पण बाटली ठेवूनच गेला. आमच्या वेटरचंही तेच. "साहेब, तब्येत सांभाळा," म्हणायचा आणि सोडा फोडायचा. माझे मास्तर तसेच, बिल देणारे मित्रही.

खेळता खेळता थांबता येतं, हे मला आर्सेनलच्या टोनी ॲडम्समुळे कळलं. इंग्लंडचा कॅप्टन, दारू पिऊन गाडी ठोकल्याबद्दल १९९० मध्ये तुरुंगात गेलेला. ऑगस्ट १९९६ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, पिणं थांबवलं आणि पुढची सहा वर्षं खेळला. त्यात दोनदा लीग आणि एफए कप एकाच वर्षी उचलला. २००० साली त्याने खेळाडूंसाठी उपचारकेंद्र काढलं. तोही स्टॉपर. त्याचा फोटो का नाही, असं एकाने विचारलं होतं. खरं सांगू? ॲडम्स माझ्यासारखा खेळायचा. म्हणजे, माझ्यापेक्षा खूप चांगला, पण त्याच कुळातला : बॉल आला की लांब मार. मुलांनी बॉल पायाशी ठेवून माणसाच्या अंगावर जावं, असं मला वाटतं, आणि ते बेस्टच शिकवू शकतो. त्याचे वेम्ब्लीचे ते गोलकीपरला चकवणारे दोन टच मी मुलांना मोबाइलवर दाखवतो. दारू त्या दोन टचमध्ये नाही. मीही ती त्यांत घालणार नाही.

मोठ्या मुलांना, चौदा-पंधराच्या, मी बाकीचंही सांगतो, माझं धरून. लहानांना नाही. मैदान चारला सुरू होतं. साडेतीनपासूनच मी कुंपणाशी उभा असतो.

राहता राहिला फोटोचा प्रश्न. पालकांना दारू दिसते. मुलांचं म्हणाल, तर गेल्या आठवड्यात एक नऊ वर्षांचा जाळी ठेवायला आत गेला, फोटोपुढे बराच वेळ थांबला आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सर, ह्याने शिनगार्ड घातलं नाहीये. मोजेपण खाली आहेत. मग आम्हालाच का ओरडता?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सध्या फोटोच्या खालच्या अर्ध्या भागासमोर बॉलची पिशवी टांगून ठेवली आहे.