मलाकालची माती आणि माझा कॅमेरा

परवा गावाकडच्या एका पोराचा फोन आला, त्याची युनिट यूएन मिशनवर साऊथ सुदानला चाललीय, म्हणे दादा नवीन कॅमेरा घेतलाय, सोबत नेऊ का घरीच ठेवू. मी म्हटलं ने की बाबा, तिथं नाही काढले फोटो तर कुठं काढणार. मग तासभर बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून इथं लिहून टाकतो.

मी २०१८ ला तिथल्याच मलाकाल शहरात होतो. यूएन बेसच्या आत आपल्या आर्मीचं हॉस्पिटल आहे, तिथं नर्सिंग असिस्टंट. मलाकाल व्हाईट नाईलच्या काठावर आहे, डिसेंबर २०१३ ला देशात लढाई पेटली तेव्हापासून ते शहर कितीदा या पार्टीकडून त्या पार्टीकडं गेलं त्याचा हिशोब नाही, मी गेलो तेव्हा शहरात नुसत्या भिंती होत्या आणि माणसं सगळी आमच्या बेसला लागून असलेल्या कॅम्पात, वीस हजाराच्या वर.

आता सगळ्यांना वाटतं वॉर झोन म्हणजे कॅमेऱ्याला गोळी लागणार. गोळी लागलेला कॅमेरा मी वर्षभरात एकही बघितला नाही. धुळीनं, वाफेनं आणि घाईनं मेलेले मात्र चार-पाच बघितले, त्यातला अर्धा माझा.

तिथली माती म्हणजे आपली मराठवाड्याची काळी माती, खोटं सांगत नाही. पावसाळ्यात बुटाला चिकटली की एकेक बूट दोन किलोचा, आणि उन्हाळ्यात तीच पिठासारखी हवेत. त्यात हेलिकॉप्टर उतरलं की विचारूच नका. त्यामुळं बाहेर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही, एकच झूम लावायचा आणि वर्षभर त्यालाच संसार मानायचा. पुढं साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची जादा काच, ओरखडे त्याला पडू देत. आत जिथं फोटो उमटतो त्या सेन्सरवर धूळ गेलीच तर तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते (मी मारलीय, डाग आभाळाच्या प्रत्येक फोटोत आहे). माझ्याकडं हवा मारायचा ब्लोअर नव्हता, मग स्टोअरमधनं कान धुवायची कोरी रबरी पिचकारी मागून घेतली, मस्त चालली.

कॅमेऱ्याच्या पेटीचं म्हणाल तर पेलिकन कंपनीची केस भारीच, पण आमच्या खिशाला परवडणारी नाही. शेजारच्या इन्फंट्रीवाल्यांकडनं मला रिकामी अॅम्युनिशनची लोखंडी पेटी मिळाली, झाकणाला रबराची पट्टी असते, क्लिप लावली की हवा पण जात नाही. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की समजायचं पाणी पिऊन भरलेत, मग कुकहाऊसमध्ये कढईत मंद आचेवर भाजायचे, परत निळे. आमचा कुक साताऱ्याचा, पहिल्यांदा बघून म्हणाला, "दादा, ह्यो कसला साबुदाणा?" फक्त ती पेटी घेऊन हेलिपॅडवर गेलात तर उघडून दाखवायची तयारी ठेवा, हॉस्पिटलचा माणूस अॅम्युनिशनची पेटी घेऊन कुठं चाललाय हे कुणीही विचारणारच. आणि हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरा खाली ठेवायचा नाही, मांडीवर घ्यायचा. त्या थरथरीनं लेन्सचे बारीक स्क्रू ढिले होतात, माझा एक असाच कुठंतरी आभाळात पडला.

आता माझी फजिती. सप्टेंबरमध्ये मेडल परेड होती आणि साहेबांनी सांगून ठेवलेलं, फोटो तूच काढायचे. मी रात्री बॅटऱ्या चार्ज केल्या, कार्ड रिकामं केलं, आणि कॅमेरा एसी कंटेनरमध्ये उशाशी घेऊन झोपलो, पोराला घेऊन झोपावं तसा. सकाळी थेट मैदानात. बाहेर असली दमट हवा की शर्ट पिळून घ्यावा. पाहुणे पहिल्या जवानाच्या छातीला मेडल लावतायत, मी डोळा लावतो तर समोर नुसतं धुकं! रुमालानं पुसलं, पुन्हा धुकं. गार काच, बाहेर वाफ, चहाच्या झाकणासारखं पाणी धरलेलं, बाहेरून पण आणि आतल्या आरशावर पण. पहिले वीस-बावीस फोटो तसेच गेले. संध्याकाळी आमच्या कुकनं बघून निकाल दिला, "सगळी ढगात हुबी हायती, स्वर्गात मेडलं वाटल्यागत." साहेब काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

उपाय एवढा साधा आहे की लाज वाटते. एसीतून काढायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून बंद करायचा, पिशवीसकट बाहेर आणायचा आणि अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. पाणी पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.

बुलेटप्रूफ घालून फोटो काढायचा म्हणजे वेगळीच कसरत. निळ्या हेल्मेटची कड कॅमेऱ्यावर आपटते, डोळा नीट लागतच नाही, गळ्यातला पट्टा जॅकेटच्या क्लिपांत अडकतो. मी पट्टा काढून मनगटाला छोटी दोरी बांधली. रात्री स्क्रीन बंद, आणि फोकसचा जो लाल-पिवळा दिवा लागतो त्याच्यावर मेडिकल टेप. जीपीएस तर घरूनच बंद करून जायचं.

लांब काळी लेन्स गाडीच्या खिडकीतून बाहेर काढायची नाही. रॉयटर्स वृत्तसंस्थेचा फोटोग्राफर नमीर नूर-एल्दीन १२ जुलै २००७ ला बगदादमध्ये मारला गेला, अमेरिकन हेलिकॉप्टरमधल्या लोकांना त्याचा कॅमेरा आरपीजी म्हणजे रॉकेट लाँचर वाटला. आमच्याकडं मलाकालला शांतता करार झाला तरी चेकपोस्टवरची पोरं तीच, बंदुका त्याच. सैनिक, पूल, विमानतळ यांच्या दिशेनं कॅमेरा वळवला की झालंच. चेकपोस्ट दिसायच्या आधीच कॅमेरा पेटीत आणि पेटी सीटखाली.

कॅम्पात मात्र उलटं, पोरं मागं लागायची "सूरा! सूरा!" म्हणून, फोटोला अरबीत सूरा म्हणतात. विचारून काढायचा आणि लगेच स्क्रीनवर दाखवायचा, एकमेकांना ढकलत स्वतःला शोधायची. एकदा पाण्याच्या नळाशी एक बाई पिवळा कॅन भरत होती, प्रकाश असा सुंदर पडलेला की काय सांगू. मी कॅमेरा वर केला, तिनं फक्त "ला" म्हटलं, नको. मी झाकण लावलं. "मा फी मुश्किला," ती म्हणाली, काही हरकत नाही, आपलाच मुश्किल शब्द तो. वॉर्डात तर मी कॅमेरा कधी नेलाच नाही.

परत आल्यावर लातूरला एका दुकानात सर्व्हिसिंगला दिला. दुकानदारानं ग्रिपचं रबर सोलून काढलं, टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर काळी माती पडली. बोटानं चोळून बघितली आणि म्हणाला, "शेतात पडला होता काय हो?"

मी हो म्हटलं.