तुम्ही विचारलंत म्हणून: फझ घेऊ की ओव्हरड्राइव्ह?

कार्यक्रम संपला की एखादा पोरगा स्टेजमागे येतो, माझ्या पायाशी पडलेल्या डब्या न्याहाळतो आणि विचारतो, "काका, एकच पेडल घ्यायचं तर फझ घेऊ की ओव्हरड्राइव्ह?" पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची डबी. फझ आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही आवाज फाडतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. आमच्या वाडीतले आजोबा असलं काही विचारत नाहीत. फझ लावला की ते पडवीतूनच ओरडतात, "स्पीकर फाटलो काय रे तुझो?"

आजोबांचं निदान चुकीचं नाही. फझ बिघाडातूनच आला. अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सच्या १९६१च्या 'डोन्ट वरी' गाण्यात मिक्सरचा एक चॅनल बिघडलेला होता, त्यातून बास गिटार घरघरत आलं आणि तसंच ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी माएस्ट्रो कंपनीने ती घरघर डबीत भरून विकायला काढली. खप झाला तो १९६५ला, रोलिंग स्टोन्स बँडचं फझवालं 'सॅटिस्फॅक्शन' गाजल्यावर.

फरक सांगायला मला चिराच सापडतो. गिटारच्या आवाजाची लाट मुळात गोल माथ्याची. ओव्हरड्राइव्ह तो माथा हळूच दाबतो, पऱ्ह्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत ठेवतो. फझ वरून आणि खालून सपाट कापतो, खाणीतल्या मशिनने चिरा कापावा तसा. त्या चौकोनी कडांमुळे आवाज जाड, केसाळ होतो. मात्र सगळी कॉर्ड, म्हणजे बरेच सूर एकदम, वाजवलीत तर बरेचदा नुसता गाळ.

म्हणून एकच घ्यायचं तर ओव्हरड्राइव्ह. ट्यूब स्क्रीमरसारखं पेडल खर्ज थोडा कापून आवाजाचा मधला पट्टा पुढे आणतं, त्यामुळे ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डांच्या गर्दीतही गिटार ऐकू येतं. बिग मफ नावाचा फझ घरी एकट्याने वाजवताना भव्य वाटतो. त्याचा तो मधलाच पट्टा खोल गेलेला, त्यामुळे बँडमध्ये तुम्ही गायब. मी स्वतः या चुकीपायी एक अख्खा मोसम हात हलवत उभा होतो.

तरी फझ हवाच असेल, तर कोकणात सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा घ्या. जुन्या तऱ्हेच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा गोड वाजतो, पण उष्णता वाढली की त्याच्यातून करंट गळायला लागतो आणि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला लावून दिलेली विजेची पातळी, सरकतो. वेंगुर्ल्याजवळ मे महिन्यात सत्यनारायणाच्या पूजेचा कार्यक्रम होता. चार वाजता पत्र्याच्या मांडवात साउंडचेक, आणि माझा जर्मेनियम फझ उचकी लागल्यासारखा तुटक बोलायला लागला. शेजारच्या कोकम सरबतवाल्याने बर्फाच्या पेटीत जागा दिली. पेडल दोन पिशव्यांत गुंडाळून पंधरा मिनिटं आत ठेवलं. दोन गाणी झकास वाजली, तिसऱ्याला पुन्हा उचकी. तेव्हापासून जर्मेनियम फक्त जत्रेच्या थंडीत बाहेर काढतो.

आणखी एक, हे दुकानदार सांगत नाही. फझ फेससारखा जुन्या घडणीचा फझ थेट गिटारलाच जोडायचा, बाकी सगळं त्याच्या मागून. पुष्कळ ओव्हरड्राइव्ह बंद असतानाही सिग्नल बफरमधून, म्हणजे गिटार आणि पुढच्या पेडलच्या मध्ये बसणाऱ्या छोट्या सर्किटमधून, काढतात. असलं पेडल फझच्या आधी आलं की आवाज कर्कश होतो आणि खरी मजा जाते. ती मजा म्हणजे गिटारचा व्हॉल्यूम. दहावरून सहावर आणा, तोच फझ जवळजवळ स्वच्छ वाजतो. मुखड्याला सहा, सोलोला दहा, पाय हलवायची गरज नाही. माझं तर मत आहे की पोरांनी आधी महिनाभर तो नॉबच शिकावा, पेडलचे पैसे नंतर.

आणि पॉझिटिव्ह ग्राउंडचा, म्हणजे विजेची अधिक-उणे बाजू बाकीच्या पेडलांच्या उलट जोडलेला, जुना फझ असेल तर बाकीच्यांच्या सामाईक अॅडॉप्टरवर लावू नका, शॉर्ट होतो. त्याला नऊ व्होल्टची स्वतःची बॅटरी द्या. पावसाळ्यात ती काढून ठेवा, नाहीतर खाऱ्या दमट हवेत क्लिप हिरवी पडते. माझी पडली होती, लिंबाने घासून काढली.