लेस्टर आणि ब्रॅडफर्ड

आज दिवसभर ब्रिटनमधल्या दोन स्थलांतरित समाजांची तुलना डोक्यात घोळतेय: लेस्टरमधले युगांडातून आलेले आशियाई (बहुतेक भारतीय वंशाचे) आणि ब्रॅडफर्डमधले मीरपुरी, म्हणजे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूर भागातले लोक. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने ९० दिवसांची मुदत देऊन हाकललेल्या या आशियाईंपैकी सुमारे २८ हजार जण ब्रिटनमध्ये आले. पैसा जवळपास सगळा मागे राहिला, पण इंग्रजी, हिशेब आणि दुकानदारी सोबत आली. लेस्टर नगरपालिकेने तर ‘इकडे येऊ नका’ अशी जाहिरात युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली होती!

मीरपुरींना ‘मागास’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मीरपूरजवळच्या मंगला धरणाने लाखभर माणसं उठवली. त्यातले अनेक शेतकरी ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांत रात्रपाळीला लागले. पाळीत सगळे आपलेच, त्यामुळे इंग्रजीची गरजच पडली नाही. मग गिरण्या बंद पडल्या आणि टॅक्सी, छोटी दुकानं, नाहीतर बेकारी, एवढंच हाती उरलं.