एका जुवाला दोन ॲम्प

ड्युअल व्हॉइस कॉइलचा वूफर (खोल बेस वाजवणारा स्पीकर) पालथा घातला की चार टर्मिनलं दिसतात, दोन लाल, दोन काळी. आत एकाच नळीवर दोन कॉइल गुंडाळलेल्या असतात; कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा, मात्र एकच. ४ ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडल्या की ८ ओहम, पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी) २. ८ वर ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, ४ ओहमच्या निम्मीच ताकद देतो, २ वर बरेचसे ॲम्प तापून मान टाकतात. मग प्रत्येक कॉइलला आपापला ॲम्प द्यावा असं मनात येतंच. कल्पना चांगली आहे. फक्त हा दोन भावांचा वेगळा संसार नाही. ही बैलजोडी आहे, आणि जू म्हणजे कोन.

जोडीतला एक बैल मंदावला की काय होतं ते बघा. एका ॲम्पवर २० व्होल्ट, दुसऱ्यावर १० लागले, तर कोन सरासरी चालीने हलतो. हलणारी कॉइल स्वतःच वीज तयार करते, आणि रेझोनन्सपाशी, म्हणजे कोन ज्या सुरावर आपसूक सर्वात जास्त झुलतो तिथे, ती वीज दुबळ्या ॲम्पच्या १० व्होल्टवर मात करते. मग हा ॲम्प ओढायचा सोडून ब्रेक लावत बसतो. कानाला एवढंच कळतं की आवाज ‘बसका’ आहे. दोष मात्र वूफरच्या बिचाऱ्या पेटीला दिला जातो.

म्हणून गेन (ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण) कानाने नव्हे, मल्टिमीटरने जुळवावा. स्पीकरच्या वायरी काढायच्या, बेस बूस्ट शून्यावर, ५० हर्ट्झचा साइन टोन (एकच शुद्ध सूर) लावायचा आणि आउटपुटवर एसी व्होल्ट मोजायचे. ४ ओहमवर १०० वॅट हवे असतील तर २० व्होल्ट. दुसऱ्यावरही तेवढेच, अर्ध्या व्होल्टचा फरक चालेल. त्याच वेळी मीटर डीसीवर घेऊन पाहावं: ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसले तर त्या ॲम्पला वूफर जोडूच नये.

सिग्नल एकच, मोनो. ८० हर्ट्झच्या वरचे सूर अडवणारा फिल्टर आधी एकदाच, मग तो सिग्नल दोन्ही ॲम्पना वाटणारी वाय-केबल. ॲम्पवरचे असेच फिल्टर (लो-पास) बंद. एकाचा फिल्टर ८० वर आणि दुसऱ्याचा १२० वर राहिला, की फेज (लाटांची वेळ) सरकतो आणि बैल वेगवेगळ्या पावलांनी चालू लागतात.

सगळ्यात घातक चूक पोलॅरिटीची, म्हणजे प्लस-मायनसची. एक कॉइल उलटी लागली, की दोन्ही ॲम्प जीव तोडून एकमेकांविरुद्ध ओढतात, कोन जवळजवळ थिजतो आणि सगळी वीज उष्णता होऊन कॉइलमध्येच जिरते. आवाज येत नाही म्हणून माणूस व्हॉल्यूम आणखी वाढवतो, आणि थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास येतो. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर दोन्ही कॉइलना आळीपाळीने लावून बघा, दोन्ही वेळा कोन त्याच बाजूला हलला पाहिजे. पण काही ॲम्प आतूनच सिग्नल उलटवतात, तिथे सेलची परीक्षा पुरत नाही. आवाज अगदी कमी ठेवून आधी एक ॲम्प चालू करावा, मग दुसरा. बेस ठळक वाढला तर ठीक. कमी झाला तर एका कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्यात, अर्थात ॲम्प बंद करून.

आणि हो, ४०० वॅटचा वूफर म्हणजे प्रत्येक कॉइलला २०० वॅट. एक ॲम्प मध्येच बंद पडला, तर उरलेल्याकडून ४०० वसूल करायला जाऊ नये.